मृत्युपत्र घरात वाचून दाखवा

७ ऑगस्ट १८९७. पुण्यातले पहिल्या दर्जाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज पटकीने अंथरुणाला खिळलेले. शेवटच्या काही तासांत त्यांनी मृत्युपत्र केलं आणि त्याच दिवशी देह ठेवला. मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्यांच्यावर सोपवली, त्यांत बाळ गंगाधर टिळक होते आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डेही. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. मित्राला शब्द देऊन त्यांनी जी जबाबदारी घेतली, ती अठरा वर्षं त्यांची पाठ सोडणार नव्हती.

बाबा महाराजांची पत्नी सकवारबाई, म्हणजे ताई महाराज, तेव्हा वयाने अगदी लहान आणि गरोदर होती. मुलगा झाला नाही किंवा होऊन जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, असं मृत्युपत्रात लिहिलं होतं. मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत गेला. इस्टेट कर्जात होती. टिळकांनी खर्चाला कात्री लावली, ती ताई महाराजांच्या खर्चालाही लागली. १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादला जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला गेला. पुढे वाड्यातल्या काही मंडळींनी कान भरले, आणि औरंगाबादेत दत्तविधान झालंच नाही असं सांगत ताई महाराजांनी दुसराच मुलगा मांडीवर घेतला.

मग कोर्ट. टिळकांवर खोट्या साक्षीचे आरोप आले. १९०३ मध्ये पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी ठोठावली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि ४ मार्च १९०४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. दिवाणी दाव्याची फरफट मात्र सुरूच राहिली. पुण्यात निकाल टिळकांच्या बाजूने लागला, १९१० मध्ये उच्च न्यायालयात तो उलटला, आणि २६ मार्च १९१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने पुन्हा फिरवून जगन्नाथचं दत्तक वैध ठरवलं. मधली सहा वर्षं टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. अखेरचा निकाल आला तेव्हा ताई महाराज हयात नव्हत्या.

महाराष्ट्र ताई महाराज प्रकरण आठवतो ते टिळकांच्या छळाची आणि धैर्याची गोष्ट म्हणून. ते योग्यच आहे. पण त्या कागदपत्रांत आणखी एक माणूस आहे. नवरा जाणार, पोट वाढलेलं, इस्टेटीचे निर्णय पाच-सहा पुरुष घेणार, आणि पुढे मूल गेल्यावर कोणाला मांडीवर घ्यायचं हेही त्यांनाच विचारून ठरवायचं, अशा मुलीशी कोणी नीट बसून बोललं होतं का? मृत्युपत्र करणाऱ्याला तेवढा वेळच नव्हता. त्याच्या हातात काही तास होते, आणि तेही पटकीने व्यापलेले.

सव्वाशे वर्षांनंतर पटकीची जागा आयसीयूने घेतली आहे, बाकी फारसं बदललेलं नाही. वडिलांना दुसरा झटका येतो, मग मोठा मुलगा वकिलाला फोन करतो, वकील मसुदा व्हॉट्सअॅपवर पाठवतो, आणि सलाईन लावलेल्या हाताने थरथरती सही होते. त्याआधीची वीस वर्षं त्या घरात जमिनीचा, फ्लॅटचा, दुकानाचा विषय निघाला की आई म्हणायची, ‘असलं अभद्र बोलू नका.’ मुलगी विचारेल तर हावरट ठरेल, सून विचारेल तर तिला घर फोडायचंय असं म्हटलं जाईल, आणि मुलगा विचारेल तर बाप म्हणेल, ‘माझ्या मरणाची वाट बघतोयस का?’ म्हणून कोणीच विचारत नाही. घरातले बहुतेक इस्टेटीचे दावे या न बोलण्यातून उभे राहतात. मृत्युपत्र धडधाकट असताना करावं आणि ज्यांना त्यातून काही मिळणार आहे किंवा मिळणार नाही, त्या सगळ्यांना समोर बसवून ते वाचून दाखवावं, हे या लेखाचं म्हणणं आहे. काही गाठी मात्र घरात सुटणाऱ्या नाहीत. त्या विधिमंडळालाच सोडवाव्या लागतील.

कायद्याने मृत्युपत्र अतिशय सोपं ठेवलेलं आहे, हे आधी सांगायला हवं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ नुसार करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या एवढंच लागतं. स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे. साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात, मराठीत लिहिलेलं मृत्युपत्र चालतं आणि ते हवं तेव्हा बदलता येतं. पुढे कोर्टात सिद्ध करायची वेळ आली तर त्या दोघांपैकी निदान एका साक्षीदाराला उभं राहावं लागतं, म्हणून साक्षीदार वयाने आपल्यापेक्षा लहान आणि सापडेल असा असावा, हे जुने वकील आवर्जून सांगतात.

एवढं सोपं असूनही मृत्युपत्रं कोर्टात का अडकतात, याचं उत्तर न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५८ मधल्या एका निकालात देऊन ठेवलं आहे. एच. वेंकटचल अय्यंगार यांच्या त्या खटल्यात त्यांनी मांडलेली कसोटी आजही देशभर वापरली जाते. सही डळमळीत आहे, करणाऱ्याचं मन कमकुवत झालं होतं, ज्याला सगळं मिळतंय त्यानेच कागद करवून घेण्यात पुढाकार घेतला, पोटची मुलं काही कारण न देता वगळली आहेत, अशा संशयाच्या जागा असतील तर त्या दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याची. १९७७ मध्ये जसवंत कौर खटल्यात न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी हेच अधिक नेमकं केलं: प्रश्न सहीपुरता राहत नाही, न्यायाधीशाच्या विवेकाचं समाधान व्हावं लागतं. सातारा आणि पुण्यात जन्मलेल्या या दोन न्यायमूर्तींनी घालून दिलेली वाट साधी आहे. जी गोष्ट मृत्युपत्र करणारा स्वतः चार माणसांत बोलून गेला आहे, तिच्यावर संशय घ्यायला जागा फार थोडी उरते.

उलट उदाहरणं डोळे विस्फारायला लावणारी आहेत. पंजाबातल्या फरीदकोटचे महाराज हरिंदरसिंग ब्रार १९८९ मध्ये वारले. त्यानंतर १९८२ चं म्हणून एक मृत्युपत्र पुढे आलं. त्यात सगळी इस्टेट एका ट्रस्टला दिलेली, आणि थोरल्या मुलीला काहीही नाही. तिने १९९२ मध्ये दावा लावला. ते मृत्युपत्र बनावट असल्याचं २०१३ मध्ये चंदीगडच्या न्यायालयाने म्हटलं, २०२० मध्ये उच्च न्यायालयाने आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तीस वर्षं! बडोद्याच्या गायकवाड घराण्यात वादाला दोन दशकांहून अधिक काळ गेला, आणि २०१३ मध्ये समरजितसिंह आणि संग्रामसिंह या पुतण्या-काकांनी तडजोड केली. जे तडजोडीने २०१३ मध्ये झालं ते वीस वर्षं आधी होऊ शकलं असतं, असं तटस्थ माणसाला वाटणारच.

मुंबईकरांच्या बाबतीत एक मोठा बदल नुकताच झाला आहे आणि त्याकडे हवं तेवढं लक्ष गेलेलं नाही. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई इथल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना आजवर प्रोबेट घेणं भाग होतं. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे यावर उच्च न्यायालयाने उमटवलेली मोहोर. २०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेने ती सक्ती करणारं कलम २१३ च काढून टाकलं. वर्षानुवर्षं चालणारा खर्चिक सोपस्कार गेला, म्हणून स्वागत झालं. स्वागत रास्त आहे. पण प्रोबेटचा एक गुण होता: अर्ज आला की कायदेशीर वारसांना त्याची खबर दिली जायची. सासरी गेलेल्या मुलीला, परदेशातल्या मुलाला निदान कळायचं की असा एक कागद आहे, आणि हरकत असेल तर ती घेता यायची. बाळासाहेब ठाकरे यांच्या १३ डिसेंबर २०११ च्या मृत्युपत्रावर जयदेव ठाकरे यांनी हरकत घेतली ती उद्धव ठाकरे यांच्या प्रोबेटच्या अर्जावरच. २०१८ मध्ये त्यांनी ती मागे घेतली, तोवर घरातल्या अगदी खासगी गोष्टींची जाहीर चर्चा होऊन गेली होती. ते कोणालाही नकोसंच. तरी आता ती खबर मिळेलच याची खात्रीही गेली. एखाद्या भावाने मृत्युपत्र सोसायटीला दाखवून फ्लॅट नावावर करून घेतला, तर बहिणीला ते बऱ्याच उशिरा कळेल. म्हणून घरात आधी वाचून दाखवण्याचं महत्त्व या बदलाने कैक पटींनी वाढलं आहे.

एक सर्रास गैरसमज नॉमिनीचा. ‘बँकेत नॉमिनी लावलाय, आता काळजी नाही,’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या घरोघरी ऐकू येतं, आणि ते चूक आहे. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो तो वारसांसाठी सांभाळायला. मालकी मृत्युपत्रानुसार किंवा वारसा कायद्यानुसारच ठरते. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्येच सांगितलं होतं. शेअर आणि म्युच्युअल फंडांचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला, आणि तो निकाली निघाला तो एका मराठी घरातल्या वादातून. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर २०१३ मध्ये वारले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलेलं होतं, आणि काही कोटींच्या म्युच्युअल फंडांना नॉमिनीही लावलेले होते. नॉमिनी म्हणाले, कंपनी कायद्याप्रमाणे हे आमचं झालं. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१० मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात नॉमिनीच्या बाजूने कौल दिलेलाच होता. २०१६ मध्ये खंडपीठाने तो चुकीचा ठरवला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचं म्हणणं कायम केलं. ज्या माणसाच्या दिनदर्शिकेवर अख्खा महाराष्ट्र तिथी बघतो, त्याच्या घरातल्या कागदाचा अर्थ लागायला दहा वर्षं लागली. सोसायटीच्या फ्लॅटचंही तेच. २०१९ मध्ये राज्याने सहकार कायद्यात केलेल्या दुरुस्तीने नॉमिनी हा फक्त हंगामी सभासद होतो, खरे वारस पुढे येईपर्यंत.

हा विषय गावाकडे गेला की भाषा बदलते: सातबारा, फेरफार, वारस नोंद, खातेफोड. आणि तिथे गोष्ट येते बहिणीवर.

मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क देण्यात महाराष्ट्र केंद्राच्या पुढे होता. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली राज्याची दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू झाली, केंद्राची ९ सप्टेंबर २००५ पासून. राज्याच्या कायद्यात त्या दिवसाआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. केंद्राने ती अटही काढली. मग प्रश्न आला, २००५ मध्ये वडील हयात नसतील तर? सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील हयात असण्याशी त्याचा संबंध नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या उघडायच्या नाहीत. कायदा म्हणून आता शंका उरलेली नाही.

आणि तरीही कोणत्याही तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात सकाळी अकराच्या सुमारास उभं राहून पाहावं. भाऊ, त्याचा वकील, दोन साक्षीदार आणि दोन-तीन बहिणी. बहिणी सकाळच्या एसटीने आलेल्या, काहींच्या हातात अजून डब्याची पिशवी. नंबर आला की त्यांना छोट्या कॅमेऱ्यासमोर बसवतात, फोटो निघतो, मग काचेवर अंगठा. ऑपरेटर विचारतो, ‘मावशी, कागद वाचलाय ना? मान्य आहे?’ ती भावाकडे बघते, मान हलवते. पाच मिनिटांत हक्कसोडपत्र नोंदवलं जातं. बाहेर चहा, एखादी साडी, आणि ‘माहेर कायम तुझंच’ हे आश्वासन. त्या कागदावर मोबदला लिहिलेला नसतो, कारण तो दिलेला नसतो.

काही बहिणी हे मनापासून करतात. भाऊ कोरडवाहू चार एकरांवर कसा जगतो हे त्यांनी पाहिलेलं असतं, आईचं दुखणं त्याने आणि वहिनीने काढलेलं असतं, आणि त्यांची जमिनीवर खरोखर इच्छा नसते. त्यांच्या उदारपणावर शंका घेण्याचं कारण नाही. पण त्याच बाकावर अशीही एक बहीण असते जिने कागद वाचलेला नाही, किंवा जिला सांगितलंय की ही ‘वारस नोंदीची सही’ आहे. हायवेला जमीन गेली आणि मोबदल्याचा आकडा कोटीत आला की हीच बहीण दहा वर्षांनी वकिलाकडे जाते, आणि भाऊ गावभर सांगत फिरतो की बहीण उलटली. ती उलटलेली नसते. तिला पहिल्यांदाच कळलेलं असतं.

गाव नमुना ६ क मध्ये वारसांची नावं लावताना बहिणींची नावं गाळणं हा दुसरा प्रकार. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, ती नोटीस चावडीवर लागते, आणि बहीण राहते शंभर मैलांवर. फेरफार नोंदीने मालकी ठरत नाही, असं न्यायालयं पुन्हा पुन्हा सांगतात. पण सातबारावर नाव नसलेल्या माणसाला बँक, खरेदीदार, भूसंपादन अधिकारी कोणीच विचारत नाही. राज्य सरकारने एक गोष्ट उद्यापासून करावी: हक्कसोडपत्र नोंदवण्याआधी हक्क सोडणाऱ्या प्रत्येक स्त्रीला नातेवाइकांना बाहेर ठेवून एकटीला मजकूर वाचून दाखवावा, क्षेत्र आणि रेडीरेकनरची किंमत तोंडी सांगावी, आणि तसं झाल्याची नोंद दस्तावर यावी. याला वेगळा पैसा लागणार नाही, दहा मिनिटं लागतील.

सीमेपलीकडे गोव्यात घरातल्या इस्टेटीचं गणित वेगळं आहे आणि मराठी वाचकाला ते ठाऊक असायला हवं. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या १८६७ च्या नागरी संहितेचा वारसा आहे, जो आता २०१२ च्या गोव्याच्या स्वतःच्या उत्तराधिकार कायद्यात आला आहे. मुलं असतील तर माणूस आपल्या मिळकतीच्या निम्म्या भागापुरतंच मृत्युपत्र करू शकतो. उरलेला निम्मा मुलांचा, मुलगा-मुलगी भेद नाही, आणि तो सहजासहजी काढून घेता येत नाही. लग्नानंतर नवरा-बायकोची मिळकत साधारणपणे सामाईक धरली जाते, त्यामुळे विधवेचा अर्धा हिस्सा वारसा म्हणून नाही तर तिचा स्वतःचाच म्हणून निघतो. मृत्युपत्रही अधिकृत नोटरीसमोर करावं लागतं. यात अडचणी आहेत: जमिनीचे तुकडे होतात, वाटपाची प्रकरणं रेंगाळतात, एका घराला वीस मालक होतात. पण मुलीला साडी देऊन वाटेला लावण्याची सोय तिथे कायद्याने ठेवलेली नाही, ही गोष्ट मोलाची आहे.

बक्षीसपत्राबद्दलही एक इशारा द्यायला हवा, कारण मृत्युपत्र टाळण्यासाठी अनेकजण तो रस्ता धरतात. मृत्युपत्र मरणानंतर लागू होतं, बक्षीसपत्र सही केल्या दिवसापासून. राहता फ्लॅट मुलाच्या नावे करून दिलेले आईबाप पुढे त्याच फ्लॅटमध्ये पाहुण्यासारखे राहतात, अशी प्रकरणं ज्येष्ठ नागरिकांच्या न्यायाधिकरणापुढे कायम येतात. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ ने असं बक्षीसपत्र रद्द करता येतं, पण ‘सांभाळ करण्याच्या अटीवर दिलं’ हे दाखवावं लागतं. २ जानेवारी २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ उदारपणे लावला. तरीही अट कागदावरच लिहून ठेवणं शहाणपणाचं.

आता कायद्यातलाच एक अन्याय, जो घरात कितीही बोललं तरी मिटत नाही. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली, नवरा आणि मुलं नसतील, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तिची स्वतः कमावलेली मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांना जाते. तिचे आईवडील त्यांच्या मागे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेलं एक प्रकरण वाचताना हात थांबतो. १९५५ मध्ये लग्न, तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं. आईवडिलांनी तिला शिकवलं, तिने आयुष्यभर नोकरी केली, १९९६ मध्ये वारली. मागे बँकेतले पैसे आणि भविष्यनिर्वाह निधी. आईने हक्क सांगितला, आणि नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही. मिळालं त्या भाच्यांना. कायदा स्पष्ट आहे, सहानुभूतीने तो वळवता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. पुरुषाच्या बाबतीत उलट कधीच होत नाही. त्याची कमाई बायकोच्या माहेरी जात नाही.

त्याच्या वर्षभर आधीच, २००८ मध्ये, विधी आयोगाने आपल्या २०७ व्या अहवालात हे कलम बदलायला सांगितलं होतं. बदल झाला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाविरुद्धच्या याचिकेवर निर्णय देण्याचं टाळलं आणि स्त्रियांना आवाहन केलं की मृत्युपत्र करून ठेवा. आवाहन चांगलं आहे, आणि पुण्या-मुंबईत एकट्या राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या प्रत्येक स्त्रीने ते याच आठवड्यात मनावर घ्यावं. पण दोष कायद्यात असताना तो दुरुस्त करण्याचं ओझं प्रत्येक बाईच्या खांद्यावर टाकणं न्यायाचं नाही.

पालकत्वाचंही असंच. आईला मुलाचं नैसर्गिक पालक मानायला बापाच्या मृत्यूची वाट पाहायला नको, हे लेखिका गीता हरिहरन यांना रिझर्व्ह बँकेशी भांडून मिळवावं लागलं; १९८४ मध्ये मुलाच्या नावे रोखे घेताना सुरू झालेला तो वाद १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिटला. आजही अज्ञान मुलाच्या नावची जमीन विकायची तर आई असो वा बाप, न्यायालयाची परवानगी लागते, आणि ते बरोबरच आहे. चुलत्यांनी पुतण्यांच्या जमिनी घशात घातल्याच्या कहाण्या कोणत्या गावात नाहीत? पण पस्तिशीतल्या आईबापांना हे सुचतच नाही की आपण दोघंही गेलो तर मुलं कोणाकडे वाढावीत, हे मृत्युपत्रात लिहून ठेवता येतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये पाच लाखांच्या ठेवी ठेवल्या. पैशाची सोय झाली. मूल आत्याकडे की मामाकडे, हा प्रश्न त्या ठेवीने सुटणारा नव्हता.

सगळ्यांत मोठी पोकळी मात्र धडधाकट माणूस अचानक बेशुद्धीत गेला तर. नवरा कोमात, हॉस्पिटलचं बिल रोज वाढतंय, खाती त्याच्या एकट्याच्या नावावर, आणि बँक म्हणते सही हवी. कुलमुखत्यारपत्र असेल तर? ते देणाऱ्याचं भान हरपलं की भारतीय करार कायद्याने मुखत्यारी संपते, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते निकामी होतं. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीच्या मिळकतीसाठी पालक नेमण्याची तरतूद होती. २०१७ च्या नव्या कायद्यात ती नाही. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा ठरावीक अपंगत्वांपुरता आहे. अज्ञान मुलांसाठी १८९० चा पालकत्व कायदा आहे, बेशुद्ध प्रौढासाठी काहीही नाही. म्हणून बायकोला थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. २०२० च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका पत्नीला कोमातल्या नवऱ्याची पालक नेमताना कायद्यातली ही पोकळी नोंदवली, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालचे अधिकार वापरले. न्यायालयं माणुसकीने वागतात. पण गडचिरोलीतल्या शिक्षकाच्या बायकोने नागपूर खंडपीठापर्यंत का जावं? उपचार थांबवण्याची इच्छा आधी लिहून ठेवण्याची सोय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिली आणि २०२३ मध्ये सोपी केली. आपलं बँक खातं कोण चालवेल, हे आधी लिहून ठेवण्याची सोय मात्र अजून नाही. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने अशी टिकाऊ मुखत्यारी मिळते.

उत्तराधिकार, मृत्युपत्रं, अज्ञान मुलं आणि मनाने असमर्थ झालेली माणसं हे विषय समवर्ती सूचीत आहेत. म्हणजे महाराष्ट्राला दिल्लीकडे बघत बसायची गरज नाही. १९९४ मध्ये राज्याने मुलींच्या हक्काची दुरुस्ती स्वतः केली, केंद्राच्या अकरा वर्षं आधी. अनुच्छेद २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती मिळाली की असा कायदा राज्यात चालतो. कलम १५ मध्ये स्त्रीच्या स्वतःच्या कमाईवर तिच्या आईवडिलांना नवऱ्याच्या नातेवाइकांच्या पुढे आणणारी चार ओळींची दुरुस्ती, आणि असमर्थ प्रौढांचा पालक जिल्हा न्यायालयात नेमता यावा असा एक छोटा कायदा, ही दोन विधेयकं येत्या अधिवेशनात मांडायला विधी व न्याय विभागाला कोणाची हरकत येण्याचं कारण दिसत नाही.